वीटभट्टीतली वरची लाइन

जालन्याहून निघालेली बस सिंदखेडराजा मागे टाकून मेहकरच्या रस्त्याला लागली, तेव्हा ऊन चढलं होतं. सोयाबीन निघून मोकळी झालेली रानं, मध्येच फुलावर आलेल्या तुरीचे पिवळे पट्टे. या रस्त्याने मी याआधी आले होते ती भावाच्या, प्रमोदच्या, पुण्यानुमोदनाला. तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. या वेळी त्याच्या मित्राने, सुनीलने, फोन करून बोलावलं होतं. "ताई, भाऊची रेस एकदा पाहून जा. मंग राहते का नाही, सांगता येत नाही."

प्रमोदचं मेहकरात गॅरेज होतं. गावाबाहेर, पैनगंगेच्या अंगाला एक बंद पडलेली वीटभट्टी आहे. मधोमध धुराडं आणि त्याच्याभोवती लांबट गोल, रुंद चर. पूर्वी त्या चरात कच्च्या विटा रचत आणि आग हळूहळू पुढे सरकत त्याच वाटेने फेऱ्या घालत राही. आग कायमची विझली, तसे प्रमोद आणि त्याचे मित्र तिथे भंगारातल्या गाड्या पळवू लागले.

मी ग्रंथालयात नोकरी करणारी बाई, मला गाड्यांतलं कळत नाही. पण दिवाळीत घरी आला की तो परातीत गोटी फिरवून मला समजवायचा. वळण सपाट असलं की प्रत्येकाला आतली कड हवी असते, कारण ती जवळची. ज्याला ती मिळाली तो पुढे, बाकीचे त्याच्यामागे रांगेत. शर्यत पहिल्याच वळणावर संपते. तेच वळण बाहेरून परातीच्या काठासारखं उचललं, तर वरून जाणाऱ्याला लांब पडतं, पण वेग सोडावा लागत नाही. "खालचा जवळून जाते, वरचा जोरात जाते," तो म्हणायचा. "दोघं बरोबरीत निंघतात, ताई. तवा खरी रेस."

रिक्षाने मला भट्टीच्या तोंडाशी सोडलं. भर दुपार होती, पण तिथे पाखराचा आवाज नव्हता. वर्षानुवर्षं भाजलेल्या त्या मातीवर गवतही धरलं नव्हतं. धुराड्याची सावली चरात आडवी पडली होती. काठावर माणसं बसली होती, ती हलक्या आवाजात बोलत होती. उतरताना पाय राखेत घोट्यापर्यंत गेला आणि चपलेचा अंगठा तुटला.

"बस बेटी, उभी काऊन राह्यली?" जागेचे मालक गफ्फारचाचा खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. सुनीलने घरून डबा आणला होता: कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), मिरचीचा ठेचा, कांदा. दोन घास खाल्ले आणि समोरच्या वळणाकडे पाहत राहिले. मुरूम आणि राख ठोकून प्रमोदने ते उचललं होतं. खालचा अर्धा भाग चाकांनी उकरलेला. वरचा मात्र सारवल्यासारखा गुळगुळीत, त्यावर फक्त पाखरांच्या पावलांचे ठसे. दोहोंच्या मध्ये चुन्याची ताजी रेघ.

"ही रेघ कशाला?" मी सुनीलला विचारलं.

"वरची लाइन भाऊची. तोच जाये तिथून." तो वळणाकडे न पाहता बोलत होता. "तो गेल्यावर पहिल्या रेसले कोणी वर गेलंच नाही. कोणी कोणाले काही सांगतलं नव्हतं. मंग म्या चुना टाकला. आता दर रेसले टाकतो."

रेस सुरू झाली. दारं-काचा काढलेल्या चार गाड्या, सुनीलची सर्वांत मागे. पहिल्या वळणाला सगळ्या आतल्या कडेला चिकटल्या आणि तशाच फिरत राहिल्या. कोणी कोणाच्या पुढे जाईना.

"काय बे, वरात काढली का?" काठावरून एक जण ओरडला.

"नवरदेव कोण्या गाडीत हाय?" दुसरा म्हणाला. थोडं हसू झालं. काही जण उठून चालू लागले.

"पाह्यलं?" चाचा म्हणाले. "लोक बोर होऊन राह्यले. आजच जेसीबी लावतो, जमीन सपाट करून हरभरा पेरतो. प्रमोदसाठी थांबलो होतो इतके दिवस."

पण मला काहीतरी ऐकू येत होतं. गाड्या वळणात शिरल्या की त्यांच्या आवाजाच्या किंचित मागून आणखी एक आवाज येत होता, वरच्या मोकळ्या भागातून. एक गाडी, एकटी, वेग न सोडता जाणारी. धूळ वर चढून त्या आवाजाबरोबर रेघेपलीकडे धावत होती. काठावरची माणसं गाड्यांकडे नाही, तिकडेच बघत होती.

"हा आवाज..." मी म्हणाले.

"चराच्या भिंतीवरून आवाज पलटते," चाचा म्हणाले. मग हळूच, "वर गाडी असली, का मंग नाही येत तो."

आमच्या घरात भुताखेतांना कधी जागा नव्हती. भिंतीचं कारण मला पटलं. तरी पुढच्या फेरीला मी डोळे मिटून घेतले, आणि तो वळणातून जाईपर्यंत श्वास घेतला नाही.

रेस संपली. गाड्या आल्या तशाच क्रमाने थांबल्या. दुसरी लावायची की नाही, हे ठरत नव्हतं. सुनील माझ्याजवळ आला.

"तू वरून का जात नाहीस?" मी विचारलं.

"भाऊच्या अंगावरून गेल्यावानी वाटते, ताई. तुमी म्हणान तसं."

मला सांगायचं होतं, राहू दे. मला तो आवाज हवा होता. पण चाचांचा हात फोनकडे गेला होता. जेसीबी आला तर वळणही जाणार होतं आणि आवाजही. आणि ज्या लाइनसाठी प्रमोद दिवाळीत माझ्यासमोर परात घेऊन बसायचा, तिच्यावर पाखरं चालत होती.

तुटलेली चप्पल काढून मी अनवाणी वळणावर चढले. माती ऊबदार होती. रेघेपाशी पोचल्यावर पायाने चुना पुसायला लागले. मागे वळून पाहिलं, तर त्या गुळगुळीत भागावर माझी पावलं उमटली होती.

"सुनील, वरून जा," मी म्हणाले.

पहिल्या फेरीला तो बिचकला, अर्ध्यातून खाली आला. दुसऱ्या फेरीला वरच राहिला. वळणातून दोन गाड्या जोडीने बाहेर पडल्या, आणि निघालेली माणसं काठावर परत आली. चाचा खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "दाब बे! दाब!"

मी कान देऊन ऐकत होते. चारच गाड्यांचा आवाज होता.

संध्याकाळच्या बसमध्ये चप्पल हातात घेऊन बसले. मी निघताना चाचा हरभऱ्याबद्दल काही बोलले नव्हते. पुढच्या रेसला ये, म्हणाले होते. प्रमोदची लाइन त्याच्यासाठी राखून ठेवावी, असं त्या सगळ्यांना वाटलं होतं, आणि डोळे मिटले तेव्हा मलाही. पण त्याने ती बरोबरीने धावणाऱ्या दुसऱ्या गाडीसाठीच बांधली होती. सिंदखेडराजा आलं तेव्हा खिडकीशी गार वारा लागत होता. पायांना अजून राख आणि चुना होता. घरी पोचेपर्यंत मी ते धुतले नाहीत.