श्वास उत्तम असलेली मुलगी

पोहण्याच्या तलावावर त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांच्या शिकवण्याचं सूत्र एवढंच: पोरगं दमलं, म्हणजे त्याचा श्वास चुकला. तोंड पाण्यात असताना हवा सोडायची, मान वळवून घ्यायची; बाकी हातपाय आपसूक चालतात. या एका उपायावर त्यांनी कितीतरी मुलं मार्गी लावली.

त्यांची स्वतःची मुलगी, जिला तलावावर मासोळी म्हणत, निम्म्या अंतरातच थांबायला लागली, तेव्हाही त्यांनी तेच केलं. कठडा धरायला लावून श्वासाचा सराव घोटवून घेतला. फेऱ्या वाढवल्या.

"बाबा, श्वास येतोय हो. हातच उचलत नाहीत."

"हातांना काय धाड भरलीय? नखरे पुरेत. चल."

"पोरगी आहे ती, घाण्याचा बैल नाही," बायको म्हणाली. सरांनी कानाडोळा केला. पुढे मासोळी जिन्यातही मध्येच बसायला लागली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. श्वास फुप्फुसांपाशी संपत नाही. प्राणवायू रक्तातून पेशीपेशीत जातो. पेशीत अन्नातल्या साखरेचे आधी तुकडे होतात. त्यातून शक्ती मिळते ती चिमूटभर. खरं काम पुढे, मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक कणांत होतं. प्राणवायू वापरून ते उरलेली शक्ती काढतात. मासोळीच्या पेशींतले हे कण जन्मापासूनच सदोष होते. साखर पोहोचत होती, हवा पोहोचत होती, शक्ती तयार होत नव्हती. अर्धवट राहिलेल्या साखरेचं आम्ल होऊन रक्तात साचत होतं.

"म्हणजे तिचा श्वास..."

"श्वास उत्तम आहे. कुणी शिकवलाय?"

सरांनी उलट विचारलं, "मी फेऱ्या वाढवल्या, त्याने बिघडलं?"

"झेपत नाही तेवढं करवलं, तर त्रास वाढतो. मूळ आजार त्याने झालेला नाही."

"औषध?"

"बरं करणारं नाही."

मासोळी आता घरीच असते. परवा चार घासांनंतर तिने ताट सरकवलं.

"पोट भरलं?" आईने विचारलं.

"नाही गं. भूक आहे. चावायला जीव नाही."

सरांनी ताट ओढलं, भात बोटांनी कुस्करून मऊ केला आणि भरवायला लागले. दोन घास तिने कसेबसे गिळले. तिसऱ्याला ओठ उघडले नाहीत. सर घास धरून बसून राहिले. ताटात बरंच उरलं होतं.