काळ्या रेघेशिवाय

आईच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे कामं मांडली. रिपोर्ट मागवणे, इथे अमेरिकेतल्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणे, इंजेक्शनांच्या तारखा वहिनीशी बोलून ठरवणे, तिकीट काढणे. पहिली तीन आठवडाभरात उरकली. चौथं अडकलं ते अडकलंच.

तिच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, पण जिकडे बघावं तिथेच नेमका करडा डाग. "भिंत दिसते, कॅलेंडर दिसतं, समोरच्या माणसाचं तोंड तेवढं जातं," ती फोनवर सांगायची. आणि लगेच, "थोडं दिसतंय तोवर येऊन जा गं. तुझं तोंड एकदा नीट बघू दे."

माझ्या पासपोर्टावरचा व्हिसा संपलेला. रेडमंडमध्ये राहून नोकरी करायला त्याची आडकाठी नाही, पण देशाबाहेर पडलं की परत यायला पासपोर्टावर वकिलातीचं नवं स्टँपिंग हवं, आणि भारतात त्याच्या तारखाच मिळत नव्हत्या. माझ्या टीममधले नागपूरचे एक गृहस्थ बहिणीच्या लग्नाला गेले आणि तिकडेच राहिले. नोकरी गेली, इथलं घर मित्रांनी रिकामं केलं. आमच्याकडे नवरा आणि शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलगी, दोघांचंही इथलं राहणं माझ्या नोकरीवर. व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी एका वाक्यात विषय संपवला, "सध्या जाऊ नका." आईला मात्र मी दर रविवारी म्हणत होते, "बघते."

चित्रकलेचा वर्ग मुलीने परस्पर लावला. "मॉम, यू नीड समथिंग दॅट इज नॉट अ टास्क." शनिवारी दुपारी, गावातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये. शिकवायला एक निवृत्त अमेरिकन बाई, विषय इम्प्रेशनिस्ट शैली. खिडकीतून जे दिसेल ते काढायचं. दिसायचा तो ओला पार्किंग लॉट, त्यामागे देवदारासारखी उंच झाडं आणि वर करडं आभाळ.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांना मला ए ग्रेड होती. रंग रेघेबाहेर जायचा नाही, हे तेव्हापासून हातात बसलेलं. मी आधी पेन्सिलने सगळं आखून घेतलं, मग एकेक गाडी स्वच्छ भरली, खाली काळ्या सावल्या दिल्या, सगळ्याला बारीक काळी कड काढली. वेळेच्या आधी पूर्ण.

बाई मागे उभ्या राहून हसल्या. "गाड्या फार छान पार्क केल्यास." मग माझी काळ्या रंगाची ट्यूब उचलून त्यांनी स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकली. "ही आता माझ्याकडे."

त्यांचं म्हणणं साधं होतं. एकोणिसाव्या शतकातली ती फ्रेंच चित्रकार मंडळी स्टुडिओ सोडून उघड्यावर गेली ती उजेड पकडायला. उजेड थांबत नाही, म्हणून हात भराभर चालवायचा, रंगाचे तुटक फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे. जवळून गोंधळ दिसतो, चार पावलं मागे गेलं की पाणी दिसतं. वस्तूला कड नसते. सावलीत काळं नसतं, निळं असतं, जांभळं असतं, शेजारच्या लाल गाडीचंही थोडं असतं. "बघ नीट."

बघितलं. जांभळं होतं. मला रागच आला. इतकी वर्षं मी असल्याच पार्किंगमध्ये रोज गाडी लावत होते.

पुढच्या शनिवारी तीच खिडकी. त्याच्या पुढच्याही. शेवटी मी विचारलं, दुसरं काही काढायला नाही का? त्या म्हणाल्या, त्या फ्रेंच मंडळींतला एक जण गवताच्या गंजीच पुन्हा पुन्हा रंगवायचा, सकाळच्या, संध्याकाळच्या, बर्फातल्या.

"तो त्याच्या मर्जीने बसला होता," मी म्हणाले.

"आणि तू?"

मी सांगून टाकलं. व्हिसा, आई, डाग, सगळं. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. खिडकीकडे बघून म्हणाल्या, "ऊन निघालंय. पाच मिनिटंही टिकणार नाही." मी ब्रश उचलला.

त्या दिवशीचं चित्र जमलं. रेघ एकही नाही, ओल्या डांबरावर नुसता पिवळा आणि जांभळा उजेड. मला वाटलं, हे आईसाठीच आहे. तिला असंच तर दिसत असणार, तिला ते कळेल. रविवारी वहिनीने व्हिडिओ कॉल मोठ्या टीव्हीवर लावला आणि मी चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं.

"काय आहे ते?" आई म्हणाली.

"पार्किंग लॉट. पाऊस पडून गेल्यावरचा."

"अगं, मला आधीच धड दिसत नाही, त्यात तू आणखी पुसट काढलंस? पूर्वी कशी ठसठशीत काढायचीस! जाड काळी रेघ मार की जरा."

"काळा रंग बाईंनी काढून घेतलाय."

"काढून घेतलाय? फी घेतात ना त्या?"

वहिनी हसली, मीही हसले. मग आईने नेहमीचं विचारलं, "मग केव्हा येतेस?"

'बघते' ओठांवर आलं होतं. समोरच्या टीव्हीकडे ती डोळे बारीक करून बघत होती, आणि मी नेमकी त्या टीव्हीच्या मधोमध होते.

"नाही येत, आई. यंदा नाही जमणार. आले तर परत जाता यायचं नाही, आणि इथे दोघंही माझ्यावर आहेत. पुढच्या वर्षीचंही आज सांगता येत नाही."

वहिनी उठून आत गेली. आई म्हणाली, "मग एक कर. जरा बाजूला सरक."

"कुठे?"

"डावीकडे. अजून. अजून जरा. मी मधेच बघणार, तू कडेला राहा."

सरकत सरकत मी खुर्चीच्या टोकाला आले. पडद्याच्या मधोमध आमची पांढरी भिंत, आणि अगदी काठावर माझा चेहरा. आई भिंतीकडे बघत होती.

"थांब. हलू नकोस. केस पांढरे झाले की गं तुझे."

मी हलले नाही.