तासाभराचं मौन

गंगाधर तावडे विपश्यनेचं शिबिर करून आला आणि डिलाईल रोडच्या चाळीत मीनाक्षीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, डोक्याला नवा ताप सुरू झाला. बँकेतून निवृत्त झालेल्या या माणसाने जन्मात कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. आता तर उत्तर द्यायचीही गरज उरली नाही.

एके दिवशी दूध उतू गेलं तेव्हा तो शेगडीशेजारीच उभा होता. "बंद का नाही केलंत?" तिने विचारलं. "मी सजगपणे बघत होतो," तो म्हणाला. ओटा मात्र मीनाक्षीने पुसला. बाहेर गॅलरीतून तो पावलागणिक श्वास बघत चालायचा. मागे बादल्या घेऊन माणसं तुंबायची, पण साहेब बुद्धाच्या वाटेवर निघालेले, बाजूला कशाला होतील! जेवताना एकेक घास असा चघळायचा की समोर बसलेल्या माणसाची भूकच मरावी. शिबिरातल्या आचार्यांनी सांगितलं होतं म्हणे, की खरं ध्यान आसनावरून उठल्यावर सुरू होतं, घरात, माणसांत. तेवढं सोडून बाकी सगळं याच्या लक्षात राहिलं.

ध्यान संपलं की तो हात जोडून, 'सगळ्यांचं मंगल होवो' म्हणत, सगळ्या जगाला मैत्री पाठवायचा. भायखळ्याच्या बाजारातल्या उंदराघुशींचंही मंगल व्हायचं. त्याच मजल्यावर पलीकडे तिसऱ्या खोलीत राहणाऱ्या शेवंतीचं तेवढं होत नसे. शेवंती म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, कुशाबाची बायको. आई गेल्यावर घरचा गणपती कुणाच्या खोलीत बसवायचा यावरून भाऊ भांडले, कुशाबाने आपला गणपती वेगळा केला, आणि तो राग पोटात घेऊनच वारला. त्यानंतर गंगाधर भावजयीशी एक शब्द बोलला नव्हता.

मीनाक्षीला मूल नव्हतं. कुशाबाची आकांक्षा मात्र भांडणाला न जुमानता काकीकडे यायची. वेणी घालून घ्यायला आली, परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ म्हणून दाखवायला आली, पुढे नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आली. आता तिचं लग्न ठरल्याचं कळलं, तेव्हापासून मीनाक्षीच्या मनात एकच गोष्ट होती. बाप नाही म्हटल्यावर कन्यादानाला काका-काकीने बसायचं. तिच्या हातून एका मुलीचं कन्यादान व्हायचं, तर ते हेच होतं.

सकाळी सात ते आठ घरात मौन असे. त्याचं आणि त्याच्यामुळे तिचंही. भांडं वाजलं तर ध्यानस्थ महाराज एक डोळा किलकिला करून बघायचे. अशाच मौनात दार ढकलून शेवंती आत आली. नवी साडी, हातात नारळ आणि विडा. ती गंगाधरच्या समोर ओणवी झाली.

"भावोजी, आकांक्षाचा लगीन ठरला. कन्यादान तुमी दोघांनीच करूक व्हया."

गंगाधरच्या गालाची शीर उडाली. डोळे मिटलेलेच. नारळ मानाचा, तो माणसाच्या हातात द्यायचा असतो, जमिनीवर ठेवून जायचा नसतो. शेवंती हात पुढे करून थांबली. स्वयंपाकघराच्या दारात मीनाक्षी ओले हात पदराला पुसत उभी होती. आता उघडेल डोळे, आता उघडेल. शेवंतीने एकदा तिच्याकडे बघितलं, नारळ पदराखाली घेतला आणि निघून गेली.

आठ वाजता गंगाधरने डोळे उघडले. चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचं तेज. "केवढा राग आला होता! नुसता बघत राहिलो. आला तसा गेला."

"मेल्या, ती नारळ घेऊन आली होती!" लग्नानंतर प्रथमच मीनाक्षीने नवऱ्यासाठी असा शब्द वापरला. त्याने तोही शांतपणे ऐकून घेतला. त्या शांतपणाची तिला किळस आली.

दिवसभर तिने वाट बघितली, शेवंती कामावरून परतल्यावर तिच्या दारात गेली. शेवंती तांदूळ निवडत होती. येता येताच चिंचपोकळीला भावाच्या घरी जाऊन तिने नारळ दिला होता. कन्यादानाला आता मामा-मामी बसणार होते. दिलेला मान परत कसा मागायचा?

"अगं, यांचं मौन होतं," मीनाक्षी म्हणाली. "हे असले ढोंगी. डोळे मिटून बसले की जगबुडी झाली तरी कळायचं नाही."

शेवंतीने सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

"भावोजींचे डोळे मिटलेले होते, वैनी. तुमचे तर उघडे होते मां?"