तात्यांचे सावलीचे दगड

तात्यांना हळू बोलताच येत नसे. वीस वर्षं पांडेसऱ्यातल्या कापडगिरणीत लूम चालवून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे गुपितसुद्धा ते ओरडून सांगत. रात्रपाळी करून सकाळी झोपत, दुपारी उठत. म्हणत, "माझ्या वाट्याला दुपारचाच सूर्य. तो तरी नीट पाहू दे."

ते आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मागे मेथीचा वाफा होता. त्यात त्यांनी एक लोखंडी सळई रोवली होती. दिवाळीनंतर रोज साडेबाराला सळईच्या सावलीच्या टोकावर ते तापीतला एक गोटा ठेवत. गिरणीचा भोंगा त्यांना ऐकू यायचा नाही. तो वाजला की मी हात वर करायची. सकाळचं कॉलेज आटपून तोवर मी घरी आलेली असे. गोट्यांची रांग हळूहळू लांब जाई. सावली सळईएवढी झाली, की वर्षातला सगळ्यात लहान दिवस आला आणि उत्तरायण लागलं, असं ते सांगत.

"उत्तरायण पतंगांच्या दिवशी असतं, तात्या," समोरच्या खोलीतल्या काकू हसायच्या.

"सूर्य तुमच्या पतंगांसाठी थांबतो का, वहिनी?"

शहरात प्लेग आला, त्याच्या पुढल्या वर्षी मी कॉलेजात गेले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं दुसरं कोणी नव्हतं. शाळा मराठी, इथले तास गुजरातीत. विचारायची भीती वाटे. डिसेंबरात गणितात नापास झाले. वडील म्हणाले, "वार्षिक परीक्षेतही असंच झालं, तर घरी बसून साड्यांना टिकल्या लाव."

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. मी हात वर केला नाही.

"वाजला का?" तात्यांनी विचारलं. मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी गोटा उचलला, पण ठेवायला जागाच नव्हती. तीन दिवस सावली एकाच गोट्यावर पडत होती.

"हलतच नाही," मी म्हणाले. "माझंही तसंच झालंय."

ऐकू आलं की ओठांवरून कळलं, कोण जाणे. ते अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडले, "तो थांबना नही, पोरी! वळी राहिना!" त्यांच्या गावाकडच्या बोलीत, तो वळतोय.

मला फार लाज वाटली. वडील दारातच होते. त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं, तेव्हा त्यांनी रेडिओ बंद केला.

मी काठावर पास झाले. निकाल लागला तेव्हा तात्या धुळ्याकडे, गावी, कायमचे गेले होते. रिक्षातून ओरडले होते, "भोंग्याकडे लक्ष ठेव गं!"

आता माझं शेवटचं वर्ष आहे. परवा सावली सळईएवढी झाली. भोंगा वाजल्यावर मी गोटा ठेवला आणि हात वर केला. बघणारं कोणी नव्हतं. तरी जरा वेळ तसाच धरून ठेवला.