चौकोनातली हवालदारीण

टाळी वाजवणाऱ्याला हवालदारीण खोलीबाहेर काढायची. "इथं ऐकायला कुणी येत नाही. गायचं, नाहीतर निघायचं." ड्रेस्डेनमधली ही जर्मन बाई जुन्या अमेरिकेतल्या खेडुतांची स्तोत्रं लोकांकडून गाऊन घ्यायची. चार बाजूंना खुर्च्या, सगळ्यांची तोंडं आत, मधोमध ही. हात असा वर-खाली मारायची की कवायतच. म्हणून हे नाव मी ठेवलं. "अहो बाबा, हळू!" सून म्हणायची. म्हटलं, मराठीत आहे, तिला काय कळतंय?

मला तिथं नेलं सुनेनंच, आणि बाईच्या बोलण्याचा अर्थही तीच सांगायची. मी चौथीतून शाळा सोडलेला. पण या गाण्यांचे सूर त्रिकोण, गोल, चौकोन असे छापलेले असतात. त्याला शाळा कशाला लागते? शिकलो. आम्ही बौद्ध, देव मानत नाही, हे पहिल्याच दिवशी ठणकावलं. "मी विचारलं का?" म्हणाली. शब्द कळत नाहीत म्हटल्यावर मात्र खूश झाली. "बरं झालं. शब्द कळले की लोक रडतात आणि सूर सोडतात."

तिचा नवरा माझ्या शेजारी खर्जात गायचा. त्याला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. तरी काठी टेकत आला, आपल्या जागेवर बसला. हिनं गाणं थांबवलं.

"गाणारे आत."

त्यानं धड राहिलेला हात वर-खाली करून दाखवला. ताल तरी धरतो, असं.

"तो घरी धर."

सबंध हिवाळा तो बाहेर पॅसेजमध्ये बसला. घरी त्याला भरवायची, पुसायची तीच. मी म्हटलं, "बाई, माणूस आहे तो."

"लग्न माझं झालंय त्याच्याशी. तुम्ही पान उघडा."

तो गेला. प्रार्थनागृहात तिनं शवपेटी खुर्च्यांच्या चौकोनात मधोमध ठेवायला लावली. एश्बॉर्न गावाहून त्यांचा मुलगा आला होता, तो बापाजवळच्या खुर्चीत बसला. तिनं त्याच्या हातात पुस्तक दिलं.

"मला गाता येत नाही, आई. नुसता बसतो."

"मग बाहेर."

"आज तरी?"

"आजच."

तो उठला. त्याच्यामागून कुणी गेलं नाही, मीही नाही. तिचा हात खाली आला आणि आम्ही गायलो. तिचा सूर तसूभर हलला नाही. तसं गाणं पुन्हा कानावर पडलं नाही माझ्या.

गाणं संपल्यावर ती बाहेर गेली. खिडकीतून दिसलं, तिनं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला, गाडीत बसला, गेला. ती आत आली, पेटीपाशी उभी राहिली आणि पुढच्या गाण्याचा आकडा सांगितला.


"मोठ्यानं," म्हणाली.