ओटीतले चार दाणे

नोकरीत पंचनामे किती लिहिले ते आता आठवत नाही, पण ती एक घटना आठवली की आजही हातातला चहा निवून जातो. तेव्हा मी देवास जिल्ह्यात, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. काय दिवस होते ते! वायरलेसची खरखर, कडुलिंबाखाली सकाळची हजेरी आणि ठाण्याची लिखापढी करणाऱ्या मुन्शीच्या हातचा गुळाचा चहा. निवृत्तीनंतर धारला येऊन राहिलो, पण तसा चहा काही पुन्हा मिळाला नाही.

त्या बुधवारी धारहूनच निरोप आला. तिथल्या शाळेतले एक मराठी मास्तर आणि त्यांची बायको, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तंबू घेऊन उदयनगरच्या पुढच्या दऱ्यांत फिरायला गेली होती. लोक हॉटेलात केक कापतात, यांना घळीत झोपायची हौस! सोमवारी परतायचं होतं, पण दोघांचा पत्ता नव्हता आणि फोनही लागत नव्हता. मुलीने ते हरवल्याची तक्रार नोंदवली होती. आमच्याकडे तिला ‘गुम इंसान’ म्हणतात.

दहा वाजता आमच्या मुखबिराची, म्हणजे खबऱ्याची, खबर आली. दरीच्या काठावर एका आदिवासी माणसाच्या झोपडीत शहरातली निळी बॅग आहे, असं त्याने लोहारद्याच्या आठवडी हाटात ऐकलं होतं. आम्ही जीप काढली. बॅग सापडली. आत मास्तरांचे कपडे आणि बाईंचा स्वेटर. शिवाय धान्याच्या कोठीमागे एक लाल गाठोडं लपवलेलं. सोडून पाहतो तो नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि सगळ्यावर कुंकू.

हेड कॉन्स्टेबल दोन पावलं मागे सरकला. “साब, यो तो टोटको है. इने दोई जणा के निपटई दियो.”

खोटं कशाला बोलू, जादूटोण्यासाठी दोघांना संपवलं, हेच माझ्याही मनात आलं. पोलिसाचं डोकं आधी वाईटाकडेच धावतं. त्या माणसाचे हात मी स्वतः दोरीने बांधले, आणि चांगले आवळून बांधले.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. माणूस चाळिशीचा, काटक. विचारलं तेवढंच बोलायचा.

“बैग साब लोग रखवा के गए. भारी थी. बोले, लौटते में लेंगे.”

“गेले कुठे?”

“नाले-नाले नीचे.”

“परत आले नाहीत तर शोधलं का नाहीस?”

“ऊपर-ऊपर देखा था साब. सोचा, दूसरे रास्ते निकल गए होंगे.”

“आणि ते गाठोडं कशाला लपवलं?”

“वो मेरी औरत जाने.”

दोन तास हेच चाललं. आम्ही फिरवून फिरवून विचारत होतो आणि तो तेच सांगत होता. त्याची बायको जीपमागून पायी चालत आली होती आणि कडुलिंबाखाली बसून होती. शेवटी तिला आत बोलावलं. मी जप्तीचा कागद पुढे ओढून लिहायला घेतला.

ती म्हणाली, “बाई अपनी देवी के वास्ते लाई थी, वो मेरे पल्ले में डाला. बोली, तुमने रोटी खिलाई, तुम्हारा पल्ला खाली नी रहने दूँगी. फिर मेरे हाथ से चार दाने चावल वापस ले लिए. मेरे को समझ नी पड़ी, तो सँभाल के धर दिया.”

माझा हात थांबला. आमचं घराणं मराठा दरबाराबरोबर माळव्यात आलं. घरी आलेल्या सवाष्णीची ओटी भरल्याशिवाय आई तिला उंबरा ओलांडू देत नसे, आणि भरल्यावर ओटीतले चार दाणे परत मागून घेई. आई गेली आणि घरातून ते सगळंच गेलं. म्हणून डोळ्यांपुढे असूनही ओळखलं नाही. ते लाल कापड म्हणजे खण होता, आणि मी त्याच्यापुढे ‘टोटक्याचे सामान’ असं लिहीत होतो!

लुटलेली बाई काही लुटणाऱ्याच्या बायकोची ओटी भरत नाही. मी उठून दोरी सोडली आणि म्हणालो, “चल, नाला दाखव.” तो पुढे झाला.

घळीत रस्ता असा नव्हताच. दोन्ही बाजूंना काळे कडे आणि पायाखाली गोटे. तीनच्या सुमारास एका वळणावर तंबू दिसला. रविवारी घसरून मास्तरांचा पाय मोडला होता. अंगात ताप, धड शुद्ध नाही. बाई डबक्यातलं पाणी गाळून त्यांच्या ओठांना लावत होत्या. मास्तरांना एकटं टाकून मदत आणायला जायचा धीर बाईंना झाला नव्हता. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर पाय सोडा, माणूसच हाती लागला नसता. त्यातले दोन तास मी खाल्ले होते.

बाईंनी आमच्या वर्दीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या थेट त्याच्याकडे गेल्या. “भैया, तुम आ गए! मैं इनसे कह रही थी, भैया आएँगे.” आणि रडू लागल्या. रडता रडता त्याचा हात धरला, तर मनगटावर लाल वळ.

“ये क्या हुआ, भैया?”

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली गोट्यांकडे पाहू लागलो.

“कुछ नी बाई. झाड़ी लग गई.”

झोपडीतून आणवलेल्या खाटेवर मास्तरांना घालून वर आणताना पुढचा खांदा त्याचाच होता. मी त्याची माफी मागितली नाही. वर्दीत ते जमत नाही, असं तेव्हा वाटायचं. माणूस ओळखायला साहेबाला आधी त्याचं ऐकून घ्यावं लागतं, एवढी साधी गोष्ट मला त्याने शिकवली, तीही माझी लाज राखून.

ठाण्यात परतल्यावर रोजनामच्यात, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, सगळं लिहिलं. खबर, बॅग, घळ, मास्तरांचा पाय, अगदी वेळेसकट. दोरीचं मात्र लिहिलं नाही. ते आज लिहिलं.