आक्काची मॅरेथॉन आणि उकळलेलं पाणी

बेळगावच्या मॅरेथॉनबद्दल मी लिहावं, हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल माफ करा. मी कधी पळालेलो नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे वार्षिक अंकासाठी लिही म्हटल्यावर नाही म्हणता आलं नाही. मला ही मॅरेथॉन रस्त्याच्या कडेनं तेवढी माहीत आहे.

आम्ही निपाणीकडचे, जैन शेतकरी. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, नेम आहे: गाळून उकळलेलंच पाणी प्यायचं. ती पहिल्यांदा इथं लहान पल्ला पळाली तेव्हा लष्करी कॅम्पातले जवान आणि शाळेची थोडी पोरं, एवढेच पळणारे होते. रस्त्यावर खडूचे बाण. मी वाटेवरच्या वडगावात उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहायचो, ती दोन घोट घेऊन पुढे जायची. पुढे बाण गेले, फलक आले. कोल्हापूर-धारवाडचे गट एकसारखे टी-शर्ट घालून येऊ लागले. छातीवर नंबर, बुटाला वेळ मोजणारी चिप, दोन्ही कडांना बॅरिकेड.

यंदा आक्काचं लग्न ठरलं. सासरी पळायला मिळणार नव्हतं, म्हणून एकदा तरी पूर्ण मॅरेथॉन संपवायची, असं तिनं मनाशी ठरवलं.

"लगीन ठरलं की, आता कुणाच्या मागं पळतीस गं?" आई म्हणाली.

"मागं न्हाय, पुढं."

शर्यतीच्या दिवशी वडगावात मी तांब्या पुढे केला, तर तिथल्या स्वयंसेवक पोरानं माझा हात धरला.

"अण्णा, बाहेरचं पाणी घेतलं तर त्यांनाच बाद करत्यात."

"तिचा नेम हाय."

"नेम हाय तर घरात बसायचं की."

आक्कानं ते ऐकलं. "ऱ्हाऊ दे रं," म्हणाली आणि न थांबता गेली. ऊन चढलं होतं.

मी शर्यत संपते त्या मैदानाशी जाऊन फाटकाबाहेर थांबलो. पासशिवाय आत सोडत नव्हते. पदकं घातलेले लोक फोटो काढत होते. मला राग येत नव्हता, काळजीही वाटत नव्हती. नुसता बघत होतो. पळणारे यायचे बंद झाले, बॅरिकेड टेम्पोत चढले, रस्ता गाड्यांना मोकळा झाला. आक्का आली नव्हती.

मग अनोळखी नंबरवरून तिचा फोन आला.

"दवाखान्यात हाय मी. सलाईन लावलंय. मैदानातला स्पीकर ऐकू येत हुता रं, तिथंच पाय गेलं. न्हाय झाली पुरी." पुढे ती म्हणाली, "पाणी देत हुती समदी. म्या घेतलं न्हाय."